वर्गात पाऊल न टाकता एम.एड.चा प्रबंध कसा लिहावा

मार्च महिना. दहावीच्या केंद्राची बैठकव्यवस्था लागलेली, अर्धा स्टाफ पर्यवेक्षणाला, उरलेला अर्धा दोन-दोन तुकड्या एका खोलीत कोंबून सांभाळतोय. अशा मुहूर्तावर शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गूगल फॉर्म येऊन पडतो. ‘आदरणीय गुरुजन, माझ्या संशोधनासाठी आपली फक्त दोन मिनिटे हवीत.’ खाली हात जोडलेल्या तीन इमोजी आणि त्याखाली ७२ विधाने. एका विधानाला पावणेदोन सेकंदसुद्धा येत नाहीत. गेल्या आठवड्यातला फॉर्म असाच होता. चार दिवसांनी फॉर्ममागचे संशोधक स्वतः एक कागद घेऊन शाळेत आले. त्या कागदाकडे शेवटी येऊ. तोवर, ज्यांना मेअखेर प्रबंध बांधून द्यायचा आहे आणि ज्यांनी अजून एकही तास पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी हे थोडे मार्गदर्शन.

शीर्षक तीन ओळींच्या खाली नको. ‘नाशिक शहरातील मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळांमधील इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यांसाठी गणित विषयातील निवडक घटकांवर आधारित अध्ययन कार्यक्रमाची निर्मिती व त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास.’ यातला ‘परिणामकारकता’ हा शब्द म्हणजे लग्नातल्या अक्षता, त्याशिवाय कार्य पार पडत नाही. पुढच्या वर्षी मैत्रिणीला विषय हवा असेल तर नाशिकच्या जागी जळगाव घाला, पाचवीच्या जागी सहावी. ‘मुलांचं नेमकं कुठे अडतं?’ असा साधा प्रश्न शीर्षकात येऊ देऊ नका. तो प्रश्न विचारला की उत्तर शोधावं लागतं.

शाळा निवडताना कॉलेज रोड आणि गंगापूर रोडचा पट्टा सोडू नका. गाडी सावलीत लागते, शेजारी चहा मिळतो. पेठ, सुरगाण्याच्या वाटेला जाऊ नका. तिथे बरीच मुलं घरी कोकणा बोलतात, मराठी शाळेतच कानावर पडते, त्यामुळे मुलाला गणित येत नाही की गणितातली मराठी कळत नाही, हे ठरवायला त्याच्याशेजारी बसावं लागतं. शिवाय द्राक्षांच्या हंगामात आईबाप दिंडोरी-निफाडकडे कामाला गेले की मुलंही जातात, आणि पूर्वचाचणीला असलेली मुलं उत्तरचाचणीला सापडत नाहीत. संशोधनासाठी खरं तर हाच विषय होता. तुम्ही मात्र ‘मर्यादा’ या मथळ्याखाली ‘वेळ, पैसा व श्रम यांच्या अभावी’ एवढंच लिहा.

संबंधित साहित्याचा आढावा शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, तयार मिळतो. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबाबतच्या २०१८च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांच्या आत असेल तर शिक्षा नाही. तेव्हा ‘विद्यार्थी’ दिसला की ‘अध्ययनार्थी’ करा.

नमुना ‘यादृच्छिक’ म्हणून लिहायचा. नमुना किती मोठा हवा ते सांगणारा क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७०चा तक्ता जोडा. त्यात दहा हजारांच्या जनसंख्येला ३७० चा नमुना पुरतो, हे वाचून बाह्य परीक्षक समाधानाने मान डोलावतात. तो तक्ता चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यासाठी आहे, ग्रुपवर फॉरवर्ड केल्यावर ज्यांना नकार देता आला नाही अशांसाठी नाही, ही बाब दोघांनीही मनात ठेवायची.

प्रश्नावलीतली विधाने अशी लिहा की नाही म्हणणाऱ्याला लाज वाटावी. ‘मी अध्यापनात विविध शैक्षणिक साधनांचा व नवनवीन तंत्रांचा प्रभावी वापर करतो.’ एका वाक्यात तीन प्रश्न. साधनं वापरतो, तंत्र वापरत नाही, आणि प्रभाव पडतो की नाही देव जाणे, अशा शिक्षकाने पाचांपैकी कुठल्या गोलात टिचकी मारायची? तो ‘पूर्णतः सहमत’वर मारतो आणि तीच उभी रांग धरून खालपर्यंत उतरतो. मध्येच उलट अर्थाचं विधान असलं तरी तिथेही पूर्णतः सहमत. विश्वसनीयतेची चिंता नको. ती मोजणारा आकडा, क्रॉनबॅकचा अल्फा, विधानांच्या संख्येबरोबर फुगतो; ०.७ च्या वर गेला की चालतो. विधानांचा आपसातला सरासरी सहसंबंध ०.१ इतका किरकोळ असला तरी ७२ विधानांवर अल्फा ०.८९ येतो. विधाने ७२ का असतात, हे आता कळलं असेल.

आता प्रयोग. प्रबंधाचा जीव इथे आहे, म्हणून जरा सविस्तर. दोन तुकड्या घ्या. अ तुकडी प्रायोगिक गट, ब तुकडी नियंत्रित गट. तीस आणि तीस मुलं. तुकड्या शाळेने कशा पाडल्यात, हुशारीवर की आडनावाच्या अक्षरावर की आधी प्रवेश त्याला अ, हे विचारू नका. अ तुकडीला तुम्ही स्वतः शिकवा: प्रोजेक्टर, रंगीत कार्डं, इस्त्रीचा ड्रेस आणि दहा दिवसांचा उत्साह. ब तुकडीला त्यांच्या नेहमीच्या बाई शिकवतील, ज्यांना त्याच काळात बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, पोषण आहाराची नोंद आणि यू-डायसवर भरायची शाळेची माहिती आहे. दहा तास झाले की चाचणी घ्या. चाचणी तुम्हीच काढा, आणि कार्डांवर जी उदाहरणं होती तीच आकडे बदलून घाला. मग दोन गटांच्या सरासरीतला फरक योगायोगाचा आहे का ते सांगणारं टी मूल्य काढायला देऊन या. साठ मुलांच्या दोन गटांना, म्हणजे ५८ स्वाधीनता मात्रेला, तक्त्यातली ओलांडायची मूल्ये २.०० आणि २.६६. तुमचं मूल्य आठ-दहाच्या घरात येईल. ‘शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येतो.’ म्हणजे दोन गटांत फरक नाही, हे गृहीतक सोडलं. टाळ्या.

पण त्याग नेमका कशाचा झाला? अ तुकडी पुढे गेली ती कार्यक्रमामुळे, की शिकवणारा वेगळा होता म्हणून, की पाहुणे आलेत म्हटल्यावर मुलं ताठ बसली म्हणून, की प्रश्न ओळखीचे निघाले म्हणून? या चारांतलं एकही कारण वेगळं काढायची सोय तुमच्या आराखड्यात नाही. एका वर्गातली मुलं एकाच बाईंकडून, एकाच खोलीत, एकमेकांचं बघत शिकतात. ती तीस सुटी माणसं नव्हेत. गुणांतल्या फरकाचा फक्त पाचवा हिस्सा वर्गावर्गांतला आहे असं धरलं, तरी तीसच्या वर्गाला मुलांची संख्या ज्याने भागायची तो भाजक ६.८ येतो, म्हणजे तुमची साठ मुलं हिशेबात जेमतेम नऊ. त्यातही प्रत्येक बाजूला वर्ग एकच, म्हणजे वर्गाचा परिणाम आणि कार्यक्रमाचा परिणाम यांची गाठ कोणत्याच सूत्राने सुटत नाही. यावर उपाय काही अवघड नाहीत. दोन्ही तुकड्यांना एकाच माणसाने शिकवावं. अर्धे घटक अ तुकडीला नव्या पद्धतीने आणि ब ला नेहमीच्या, मग उरलेल्या घटकांना अदलाबदल. चाचणी दुसऱ्या कोणाकडून काढून घ्यावी. सहा आठवड्यांनी, कोणाला न सांगता, पुन्हा घ्यावी. निकालात टी मूल्यासोबत परिणामाचा आकारही, म्हणजे फरक किती मोठा तेही, द्यावा. याला जास्तीचा खर्च शून्य. जास्तीचं फक्त शाळेत यावं लागतं, आणि घोडं तिथेच अडतं. आणि कार्यक्रम इतकाच गुणकारी ठरला असेल तर ब तुकडीला तो नंतर कोणी शिकवला? कोणीही नाही. ती मुलं दोन चाचण्या देऊन तुमच्या तक्त्याचा उजवा रकाना भरण्यापुरती होती.

शिफारशी माहिती गोळा करण्याआधीच टाइप करून ठेवा: शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, शासनाने साधने पुरवावीत, पालकांनी लक्ष द्यावे.

वर्गनिरीक्षण टाळा. वर्गात कोण काय बोलतं ते टिपायच्या फ्लँडर्सच्या पद्धतीत दर तीन सेकंदांनी एक नोंद असते, दहा प्रकारांपैकी एक आकडा. ३५ मिनिटांच्या तासाला ७०० नोंदी. हात दुखतो. आणि तासाच्या शेवटी दिसतं की सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे आणि दोनच मुलांच्या, तरी ते दोन प्रकार जवळजवळ कोरेच राहिले. त्याहून सोपं काम म्हणजे शिक्षकाने प्रश्न विचारल्यापासून पुढचा शब्द बोलेपर्यंत किती सेकंद गेले, ते मोजणं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७४मध्ये दाखवून दिलं की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलंही बोलतात. त्याला मोबाइलमधलं घड्याळ आणि मागचा बाक पुरतो. एसपीएसएससारखं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर लागत नाही, म्हणून मार्गदर्शकांना ते संशोधन वाटत नाही.

आता तो कागद. तयार टाइप केलेलं प्रमाणपत्र होतं. ‘प्रमाणित करण्यात येते की, सदर संशोधकाने आमच्या शाळेत दि.     ते दि.     या कालावधीत इयत्ता ५वीच्या ६० विद्यार्थ्यांवर प्रयोग राबविला.’ तारखांच्या जागा कोऱ्या. ‘तुमच्या सोयीच्या टाका सर, फक्त रविवार येऊ देऊ नका.’ प्रयोग झालेला नाही. गुण मात्र तयार होते, साठच्या साठ मुलांचे, दशांशासकट.

बास झाली थट्टा. अहो, खोटे गुण लिहिता तुम्ही! पदवी शिक्षणशास्त्राची घेता, उद्या बी.एड.च्या पोरांना मूल्यमापन शिकवायला उभे राहाल, आणि पाचवीतल्या मुलांच्या नावावर न घेतलेल्या परीक्षेचे गुण टाकता? आणि मार्गदर्शक म्हणवणाऱ्यांनो, तुम्हाला हे दिसत नाही असं नाही. एकदा शाळेत फोन करून ‘हा मुलगा येतो का हो?’ एवढं विचारायला काय होतं? प्रबंध नुसता चाळून सही ठोकता, आणि मग शाळांमध्ये दर्जा नाही म्हणून चर्चासत्रं भरवता.

हे घ्या, आमच्या वह्यांतलं. ५२ – २७. दोन मुलांनी उत्तर लिहिलं ३५. दोघांना शून्य गुण, तुमच्या तक्त्यात दोघे सारखे. एकजण सरळ मोठ्यातून लहान वजा करतो: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. दुसरा दशक सुटा करतो, बारातून सात गेले पाच, पण वरच्या पाचाचे चार करायला विसरतो. एकाला दशक-एकक कळलेलंच नाही, दुसऱ्याचं सगळं कळून एक पायरी निसटते. दोघांना एकच उजळणी देऊन उपयोग नाही. ५२ – २९ घाला, लगेच वेगळे पडतात: पहिल्याचं ३७ येतं, दुसऱ्याचं ३३. किंवा ‘मोठ्याने बोलत कर बरं’ म्हणा. एका मुलाला दोन मिनिटं लागतात, आणि ही दोन मिनिटं खरंच दोन असतात. अशा तीस वह्या वाचून कोणत्या चुका किती, कोणती कशाने सुधारली, एवढं लिहून आणा, मग जाड बांधणी नसली आणि सोनेरी अक्षरं नसली तरी आम्ही ते स्टाफरूममध्ये वाचून काढू. २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ आलं तेव्हा अख्खा महाराष्ट्र तावातावाने बोलला. त्या मुलांना वजाबाकी करताना त्याचा फरक पडला का, हे त्यांच्या वह्या उघडून पाहायला तुमच्यातलं कोण गेलं होतं?

प्रमाणपत्रावर सही झालेली नाही, होणारही नाही. पाचवी ब चा गणिताचा तास मंगळवारी आणि गुरुवारी सव्वाबाराला असतो. मागच्या भिंतीला लागून एक बाक रिकामा आहे. त्याचा डावीकडचा पाय हलतो, खाली पुठ्ठा घालून बसा.