सिंकखालच्या अकरा बाटल्या

सिंकखालचं कपाट आवरायला काढलं आणि आतून हँडवॉशच्या अकरा रिकाम्या बाटल्या निघाल्या, पंपासकट. अकरा! "असू दे, लागेल कधीतरी" म्हणत ठेवलेल्या. ओट्यावर रांगेत उभ्या केल्या आणि एकेक पंप दाबून बघितला तर सगळे ठणठणीत. म्हणजे दर वेळी फक्त आतलं संपलं म्हणून मी पंपासकट सगळं नवीन आणत होते. शाई संपली की पेनाबरोबर हातही नवीन बसवायचा, तसलं काहीतरी.

त्या दिवशी ठरवलं, आता रिफिल घरीच करायचं. त्याला सव्वा वर्ष झालं. सुरुवातीला जे जे करत होते त्यातलं निम्मं आता करत नाही, आणि ते का करत नाही हेच लिहायला बसलेय, कारण तो किसलेल्या साबणाचा व्हिडिओ मला अजूनही आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी पाठवतंच.

तुम्हीही बघितला असेल. 100 ग्रॅमची वडी किसा, लिटरभर गरम पाण्यात विरघळवा, रात्रभर झाकून ठेवा, झालं हँडवॉश. मी अगदी भक्तिभावाने केलं. रात्री झोपताना पाणीच होतं पातेल्यात, दुधाळ पाणी, म्हटलं फसलं बहुतेक, आणि सकाळी झाकण काढलं तर आत शेंबूड. दुसरा शब्द नाही त्याला. चमच्याने उचललं तर अख्खं पातेलं बरोबर उचललं जाईल असं लांबच लांब तार धरणारं गिळगिळीत काहीतरी. मुलगी पाच मिनिटं त्याच्याशी खेळली आणि नवऱ्याने शांतपणे विचारलं, "हे हात धुवायला आहे की हात धुतल्यावर निघालेलं आहे?"

मग ब्लेंडरने घुसळलं, पाणी वाढवलं, परत घुसळलं. दोन दिवस बरं राहिलं, तिसऱ्या दिवशी परत तेच. कारण शोधायला बसले तेव्हा कळलं की यात माझी चूक अशी नव्हतीच. वडीचा साबण कॉस्टिक सोड्यापासून, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडपासून बनतो, आणि सोडियमचा साबण गार झाला की त्याचा स्वभावच घट्ट व्हायचा, म्हणून तर त्याची वडी होते ना! खरा लिक्विड साबण पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून करतात, तो मुळातच मऊ आणि पाण्यात सहज मिसळणारा. आपण वडी किसून पाण्यात घालतो तेव्हा लिक्विड साबण होत नाही, ओली झालेली वडी होते. एवढं एक वाक्य त्या व्हिडिओत कोणी सांगितलं असतं तर माझी किसणी वाचली असती (तिचा वास आजतागायत गेलेला नाही).

बरं, त्यावर उपाय म्हणून आणखी कोणीतरी सांगतं, व्हिनेगर घाला, पातळ होईल, शिवाय जंतूही मरतील. घातलं. चक्क फाटलं. वर पांढरा चिकट थर, खाली गढूळ पाणी. साबण अल्कलीचा, व्हिनेगर आम्ल, दोघं एकत्र आले की साबणाचे परत फॅटी अ‍ॅसिड सुटे होतात आणि तरंगायला लागतात, म्हणजे एवढा खटाटोप करून तेलाचा साबण झालेला असतो तो आपण हौसेने उलटा फिरवतो. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून "सुपर क्लीनर" करण्याचंही तेच, फसफसताना दिसतं जबरदस्त पण फेस बसल्यावर हाती उरतं ते बहुतेक पाणी आणि थोडं सोडियम अ‍ॅसिटेट. फसफसणं म्हणजे साफ होणं नव्हे हे कळायला मला वय चाळीस लागलं.

पण या सगळ्या गमतीजमती. ज्याने मला खरंच दचकवलं ती गोष्ट वेगळी. दुसऱ्या घाण्याची एक बाटली बाथरूममधे महिनाभर राहिली होती, एक दिवस पंप दाबला तर वास आला. कुबट, साचलेल्या पाण्यासारखा. हात धुवायच्या साबणाला घाण वास! विकतच्या लिक्विडमधे प्रिझर्व्हेटिव्ह असतं, आपण वडीत दहापट पाणी ओतलं की ज्या गोष्टींमुळे जंतू तिथे टिकत नव्हते त्याही दहापट पातळ होतात. पाणी आहे, थोडं खाद्य आहे, कोमट बाथरूम आहे, मग जंतूंना आणखी काय हवंय? अमेरिकेत 2011 साली सार्वजनिक टॉयलेटमधले वरून साबण ओतायचे डिस्पेन्सर तपासले होते तर साधारण चारातल्या एकात बॅक्टेरिया भरपूर वाढलेले निघाले, आणि तो तर कारखान्यातला साबण होता. तिथल्या सीडीसीने, म्हणजे रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेने, हॉस्पिटलांसाठी 2002 च्या सूचनांमधेच लिहून ठेवलंय की अर्धवट रिकाम्या डिस्पेन्सरमधे वरून साबण ओतू नका. आपण घरी नेमकं तेच करतो ना, तळाला थोडं उरलेलं असतं, त्यावरच नवीन ओततो, तो तळ महिनोन्महिने तसाच.

त्यामुळे आता माझा नियम असा की बाटली पूर्ण संपू द्यायची, कढत पाण्याने धुवायची, पंपातूनही दहा-बारा वेळा गरम पाणी ओढायचं, उलटी ठेवून पूर्ण सुकवायची आणि मगच भरायची, तेही उकळून गार केलेल्या पाण्याने आणि दोन आठवड्यांत संपेल एवढंच. टी ट्री ऑइलचे चार थेंब टाकले की टिकतं असं सांगणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जायचं. थेंब वासापुरते. आणि घरात लहान बाळ किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं आजारी माणूस असेल तर हे पाणी मिसळायचे प्रयोग करूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, वाचवायचे पैसे दुसरीकडे वाचवा.

आता म्हणाल मग करतेस काय तू? तर एक दिवस विकतच्या बाटलीमागची घटकांची यादी वाचत बसले होते. पहिलं नाव पाणी. ही यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे आत सगळ्यात जास्त काय तर पाणी. ट्यूब पेटली. मी साबण महाग पडतो म्हणून तो बनवायला धडपडत होते आणि पैसे जात होते पाण्याला, पंपाला, बाटलीला आणि हे सगळं ट्रकमधून वाहून आणण्याला. साबण तर स्वस्तच आहे हो, वडीच्या रूपात तो कायमच स्वस्त होता. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या लोकांनी 2009 मधे वडी आणि लिक्विडची तुलना केली होती, त्यात लिक्विडच्या पॅकिंगला वडीच्या जवळजवळ वीसपट ऊर्जा लागते असं निघालं. वडी वापरताना लोक कोमट पाणी जास्त वेळ सोडून ठेवतात असंही त्यातच होतं, तेव्हा वडी म्हणजे अगदी साधूसंत असंही नाही.

तर पहिला बदल, बेसिनवर परत वडी आली. फक्त बुडाला जाळी असलेली साबणदाणी घेतली, पाण्यात लोळत पडलेली वडी आठवड्यात संपते आणि निथळणारी कितीतरी जास्त टिकते. "ई, सगळ्यांचे हात लागलेली वडी" हा प्रश्न घरात आलाच. 1988 मधे एक प्रयोग झालाय, वड्यांवर मुद्दाम बॅक्टेरिया चोळले आणि 16 जणांना त्याने नेहमीसारखे हात धुवायला लावले, धुतल्यानंतर एकाच्याही हातावर ते बॅक्टेरिया सापडण्याइतके आले नव्हते. हे मी जेवताना सांगितलं, सासूबाई म्हणाल्या, "पण ते चोळले कशाला?" असो.

दुसरं म्हणजे फोमवाला पंप, याच्या मी प्रेमात आहे. साध्या पंपात नुसतं लिक्विड वर येतं, फोमच्या पंपात लिक्विडबरोबर हवाही ओढली जाते आणि दोन्ही बारीक जाळीतून गेल्यामुळे हातावर तयार फेस पडतो. त्यामुळे पातळ लिक्विड चालतं, चालतं काय, पातळच लागतं, घट्ट घातलंत तर जाळी तुंबते. एक भाग लिक्विड, तीन ते चार भाग पाणी. विकतच्या लिक्विडचा मोठा कॅन आणायचा, त्यातलं थोडंसं घ्यायचं, पाणी घालून हळूच हलवायचं, संपलं काम. किसणं नाही, विरघळवणं नाही, शेंबूड नाही. मात्र हा फोमचा पंप साध्या बाटलीवर बसेलच असं नाही, आटे वेगळे असतात, मी दोन बाटल्यांवर जोर काढून एकाचे आटे घालवले.

साबणाच्या उरलेल्या चिपा मी एका जाळीच्या पिशवीत भरते आणि तीच अंघोळीला. किंवा नवीन वडी ओली करून तिला चिकटवून टाकायच्या. पूर्वीपासून लोक करत आले तेच, याला व्हिडिओची गरज नाही.

कपड्यांचं मात्र ऐका. साबणाचा किस, धुण्याचा सोडा आणि बोरॅक्स मिसळून वॉशिंग मशीनची पावडर मी चार महिने वापरली आणि मिरवलंही की बघा किती वाचलं. चौथ्या महिन्यात लक्षात आलं, टॉवेल पाणी टिपतच नाहीये, अंगावरून नुसता फिरतोय. साबण आणि डिटर्जंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं आणि त्याचा न विरघळणारा राखाडी चोथा होतो, तो कापडात आणि मशीनच्या आत साठत जातो. सोड्याने थोडी मदत होते, सगळी नाही. डिटर्जंटचा असा चोथा होत नाही, म्हणून तर ती शोधली गेली. ते टॉवेल मी रात्रभर गरम पाण्यात भिजवले तर सकाळी पाण्याचा जो रंग होता तो बघून मशीनपुढे मान खाली घातली. कपड्यांसाठी आता साधी पावडर, फक्त मोजून, चमच्याने. पाकिटावर लिहिलंय त्याच्या दुप्पट टाकायची सवय मोडली एवढ्यानेही बऱ्यापैकी वाचतं.

आणि जे अजिबात करू नका त्याबद्दल. भांड्यांचं लिक्विड घरी करा म्हणून अ‍ॅसिड स्लरी (डिटर्जंटचा कच्चा माल) आणि कॉस्टिक सोडा बादलीत काठीने ढवळणारे व्हिडिओ आहेत, उघड्या हातांनी, बाजूला पोरं खेळतायत. स्लरी तीव्र आम्ल, कॉस्टिक तीव्र अल्कली, दोन्ही डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो आणि मिसळताना चांगलंच तापतं. प्रमाण बरोबर जमलं हे तपासायला ना पीएचची पट्टी ना काही, आणि तेच रोज हाताला लावायचं. ज्यांना खरंच तेलापासून साबण करायचाय त्यांनी शिकून करावा, छान छंद आहे, पण गॉगल, हातमोजे, काट्यावर वजन करून, कॉस्टिक पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, अ‍ॅल्युमिनियमचं भांडं तर नकोच कारण त्यातून हायड्रोजन सुटतो, आणि वड्या चार ते सहा आठवडे मुरू द्यायच्या. पैसे वाचवायला मात्र करू नका, वाचत नाहीत. आणि "केमिकल-फ्री साबण" म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं की अल्कलीशिवाय तेलाचा साबण केला कसा.

जुन्या बाटल्या वापरणाऱ्यांनी आणखी एक. ज्या बाटलीत ब्लीच होतं तिच्यात दुसरं काही भरू नका. ब्लीचला आम्ल भेटलं की क्लोरीन वायू, अमोनिया भेटला की क्लोरामाइन, दोन्ही छातीत जाणारे. बाटलीवर आत काय आहे आणि कुठल्या तारखेला भरलं हे लिहायचं, आणि प्यायच्या पाण्याच्या बाटलीत तर कधीच नाही, मग वर कितीही मोठ्या अक्षरात लिहा.

पंपाचीच गोष्ट निघाली म्हणून, हे वाचून मला फार मजा वाटली होती. 1980 मधे अमेरिकेतल्या मिनेटोंका नावाच्या छोट्या कंपनीने सॉफ्टसोप हा पंपातला साबण देशभर आणला. कल्पना अशी की कोणीही उचलावी, मोठ्या कंपन्या तर टपूनच होत्या. मग त्या कंपनीच्या रॉबर्ट टेलरने काय केलं, पंप बनवणारे तेव्हा मोजकेच होते, त्यांच्याकडे तब्बल दहा कोटी पंपांची ऑर्डर देऊन टाकली. साबण सगळ्यांकडे, पंप कोणाकडेच नाही! पुढे 1987 मधे कोलगेटने तो धंदाच विकत घेतला. म्हणजे त्या माणसाला तेव्हाच कळलं होतं की या बाटलीत मौल्यवान काय आहे, आणि मी तेच अकरा वेळा कचऱ्यात टाकायला निघाले होते. त्या पंपात स्टीलची स्प्रिंग, छोटी गोळी, तीन-चार प्रकारचं प्लॅस्टिक असतं, ते वेगळं करत बसायला भंगारवाल्याला वेळ नाही, त्यामुळे रिसायकलच्या डब्यात टाकून मनाचं समाधान होतं इतकंच. रिफिलच्या पाऊचचंही थोडंफार तसंच, प्लॅस्टिक कमी लागतं हे खरं पण एकावर एक चिकटवलेले थर, परत वितळवणं अवघड. म्हणून मी पाऊचपेक्षा मोठा कॅन घेते.

अकरातल्या तीन बाटल्या आता वापरात फिरतात, एक भरलेली, एक सुकणारी, एक जादा. एक मुलीने चित्रकलेचे ब्रश धुवायला नेली. दोनांच्या स्प्रिंगा गंजल्या. उरल्या पाच. चार उत्तम चालतात, एकाचा पंप खाली जातो तो वर यायला जरा वेळ घेतो. ओळखीतल्या कोणाला हव्या असतील तर सांगा, धुऊन सुकवून ठेवल्यात, येऊन घेऊन जा.