सकाळी सहाला मारवा

बाबांना टेकडीवर फोन न्यायचा नसतो. का, तर म्हणे फोन नेला की फोन येतात. यावर काय बोलणार, मुद्दा बरोबरच आहे, पण पुण्यातल्या तळजाई टेकडीवर त्यांचा जो कट्टा जमतो तिथे गाणं पाहिजे, आणि गाणं म्हणजे साधंसुधं नाही, वेळेनुसार राग पाहिजे, सवाई गंधर्व महोत्सवाला वर्षानुवर्षं भारतीय बैठकीवर मांडी घालून तयार झालेले कान आहेत सगळ्यांचे, तिथे काहीही लावून चालत नाही. म्हणून ठरलं की बटणांचा छोटा एमपीथ्री प्लेअर आणायचा, स्पीकर आतच असलेला, आणि गाणी मी भरून द्यायची, कारण "तुला त्या कॉम्प्युटरमधलं कळतं."

मला कळतं ते लिनक्स. जुना लॅपटॉप विंडोजने दमला होता म्हणून त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं, फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही, माझी सगळी कामं होतात. फक्त घरात कुणाचं काही चालेनासं झालं की, अगदी गीझर सुद्धा, सगळे आधी त्या लॅपटॉपकडे बघतात.

तर तापकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची. तिथे गाडी लावायला जागा मिळाली हेच त्या दिवसाचं यश. दुकानदाराने चार खोके समोर आपटले. म्हणलं, कॉम्प्युटरला जोडता येईल ना? "कशावर पण चालतो ताई." लिनक्सवर? त्याने शांतपणे खोका उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला, "ते वेगळं घ्यावं लागेल."

घरी येऊन केबल जोडली. प्लेअरच्या स्क्रीनवर बॅटरीचं चित्र हलायला लागलं, म्हणजे चार्जिंग चालू, आणि बाकी काही म्हणजे काही नाही. टर्मिनलमधे, म्हणजे जिथे लॅपटॉपला टाइप करून हुकूम द्यायचे त्या खिडकीत, विचारलं तर लॅपटॉप म्हणतो, हो आलंय की एक डिव्हाइस, अमुक बस, तमुक नंबर. लिनक्सचं हे असं आहे, ते लपवत काही नाही, फक्त विचारायचं काय ते आपल्याला माहिती पाहिजे. शेवटी उत्तर सापडलं प्लेअरच्याच सेटिंगमधे, भाषा आणि ब्राइटनेसच्या खाली, यूएसबी मोड, आणि त्यात दोन पर्याय, एमटीपी आणि एमएससी. एमटीपी मायक्रोसॉफ्टने डिजिटल कॅमेऱ्यांच्या पीटीपी या फोटो पाठवायच्या पद्धतीवरून बेतलेलं आहे, त्यात कॉम्प्युटरला डिस्क दिसतच नाही, आपण फाइल द्यायची आणि ती कुठे कशी ठेवायची ते प्लेअर ठरवणार. लिनक्सवर त्याच्यासाठी लिबएमटीपी नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते कधी चालतं, कधी विचार करत बसतं. एमएससी म्हणजे सरळसरळ पेनड्राइव्ह. एमएससी केलं आणि डेस्कटॉपवर ड्राइव्ह उगवला.

मग फॉरमॅटची भानगड. बाबांच्या सीडी मी मागेच लॅपटॉपवर घेऊन ठेवल्या होत्या, पण सगळ्या ऑग व्हॉर्बिस या पेटंट नसलेल्या फॉरमॅटमधे, कारण त्या काळात एमपीथ्रीवर पेटंट होती म्हणून लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्या एमपीथ्रीला लांब ठेवायच्या. ती भीती 2017 मधे संपली, लायसन्स देणंच बंद झालं, पण माझ्या फाइली 2017 च्या आधीच्या, आणि प्लेअर ऑग म्हणलं की गप्प बसतो. एफएफएमपेग या फॉरमॅट बदलणाऱ्या प्रोग्रॅमने सगळ्या एमपीथ्रीत बदलून घेतल्या, रात्रभर लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. त्यात आणखी प्लेअरला चिनी येतं, इंग्रजी येतं, देवनागरी येत नाही. स्क्रीनवर 'भटियार' च्या जागी चौकोन, 'तोडी' च्या जागी चौकोन. मग नावं रोमनमधे केली.

गाणी टाकायला लागले तर दोन सेकंदात कॉपी झाली पण! आता हा जो हिरवा पट्टा भरतो ना त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. गाणी तेव्हा फक्त लॅपटॉपच्या मेमरीत गेलेली असतात, प्लेअरमधे मागाहून सावकाश लिहिली जातात, म्हणून 'इजेक्ट' म्हणायचं आणि ते हो म्हणेपर्यंत थांबायचं. मी चहा ठेवायला उठले तेवढ्यात बाबांनी, पट्टा भरलेला बघून, केबल उपटली. पुन्हा लावल्यावर कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा निरोप, व्हॉल्यूम नीट अनमाउंट झालेला नाही, म्हणजे ड्राइव्ह नीट सोडवून घेतलेला नाही, एफएसचेक हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवा. चालवलं. ते म्हणालं डर्टी बिट, म्हणजे ड्राइव्ह नीट न सोडवल्याची खूण, सेट आहे, एक, काढून टाकू का, दोन, राहू दे.

"डर्टी?" बाबा मागे उभे होते. "मी हात धुऊन लावलं होतं."

असो. प्लेअर भरला. बाबांची ऑर्डर स्पष्ट होती. वर चढताना ललत, मग भटियार, कट्ट्यावर बसलं की भैरव, उन्हं वर आली की तोडी, आणि निघताना भैरवी. संध्याकाळी गॅलरीत ऐकायला मारवा, यमन, बागेश्री, तेही त्यातच टाक म्हणाले. मी नावांच्या आधी 01, 02, 03 असे आकडे घातले, लॅपटॉपवर यादी सुंदर क्रमाने दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा टेकडीवरून आले ते चपला न काढता माझ्यासमोर उभे राहिले. "अगं, सकाळी सहाला मारवा?"

ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी, मारवा हा सूर्यास्ताचा राग. सूर्य वर यायच्या बेतात आणि आमचा प्लेअर मावळतीची हुरहुर लावून बसला. कट्ट्यावर एक काका आहेत, तंबोरा स्वतः जुळवतात, ते म्हणे काही बोलले नाहीत, नुसतं बाबांकडे बघितलं. मग भैरवी. भैरवीने मैफल संपते, इथे दुसऱ्याच नंबरला भैरवी, लोकं उठायला लागले म्हणे सवयीने. ललत लागला तेव्हा बाबा पायऱ्या उतरत होते.

आता हे का होतं ते ऐका, कारण हे कळल्यावर मला त्या प्लेअरचा राग येणं बंद झालं. प्लेअरमधली मेमरी फॅट पद्धतीने मांडलेली असते, ही पद्धत 1977 ची. त्यात प्रत्येक फोल्डरची एक यादी असते, आणि ती नावाप्रमाणे लावलेली नसते, पंगतीसारखी असते. जो आधी येऊन बसला त्याला आधी वाढणार, नाव काही का असेना. वर कुणी मधून उठलं, म्हणजे आपण एखादं गाणं काढलं, की पुढे जो नवीन येईल तो त्या रिकाम्या पाटावर जाऊन बसतो. लॅपटॉप आपल्याला दाखवताना नावाने लावून दाखवतो म्हणून कळत नाही, पण स्वस्तातला प्लेअर असलं काही करत नाही, तो पहिल्या पाटापासून वाढत सुटतो. माझ्या फाइल मॅनेजरने गाणी कॉपी करताना कुठला क्रम धरला ते त्यालाच माहिती. मारवा पहिला पोचला, मारवा पहिला वाजला.

शेजारचा मुलगा आयटीत आहे, हिंजवडीला जातो, तो म्हणाला, ताई विंडोजवर करा ना, दोन मिनिटांचं काम. त्याच्या विंडोजवर पण पंगत तीच असते हे मी त्याला सांगितलं, पण त्याची बस आली.

लिनक्सवर याला औषध आहे, फॅटसॉर्ट नावाचा छोटासा प्रोग्रॅम, तो ती मूळ यादीच उचलून नावाप्रमाणे लावून ठेवतो. अट एवढीच की ड्राइव्ह आधी अनमाउंट पाहिजे. अनमाउंट म्हणलं तर, टार्गेट इज बिझी. कुणात बिझी? गाणं चालू नाही, खिडकी उघडी नाही. शोधलं तर ज्या टर्मिनलमधून मी त्याला ऊठ म्हणत होते तेच टर्मिनल त्या फोल्डरमधे ठाण मांडून बसलेलं. तिथून बाहेर आले, अनमाउंट झालं, फॅटसॉर्ट चालवलं, डोळे मिटायच्या आत काम झालं. धोका नको म्हणून संध्याकाळचे राग त्याआधीच काढून टाकले, आणि दुकानदाराने नमुन्यादाखल भरून दिलेली दोन डीजे रिमिक्स होती ती पण डिलीट केली. एवढं काढूनही जागा काही वाढलेली दिसेना, ते जरा विचित्र वाटलं.

दुसऱ्या दिवशी ललत बरोब्बर चढावर लागला. भटियार, भैरव, तोडी, सगळं जागच्या जागी. भैरवी सुरू झाली तेव्हा सगळे डोळे मिटून बसले होते, बाबांनीच सांगितलं. भैरवी संपली. आणि ढिंच्याक ढिंच्याक सुरू झालं.

झालं होतं असं की लिनक्समधे पेनड्राइव्हवरचं काही डिलीट केलं की ते जात नाही, त्याच ड्राइव्हवर एक कचऱ्याचं फोल्डर तयार होतं, डॉट ट्रॅश हजार, आणि त्यात जाऊन पडतं. हजार हा आपला युजर नंबर. नावाच्या आधी डॉट असला की ते फोल्डर दाखवायचं नाही ही लिनक्सची आपसातली समजूत, ती प्लेअरला कोण सांगणार? त्याला फोल्डर दिसलं, फोल्डरमधे गाणी दिसली, त्याने वाजवली. आधी डीजे, आणि बाबांना बंद करायचं बटण सापडेपर्यंत त्याच्या मागोमाग मारवा.

मी लगेच लॅपटॉप उघडला, म्हणलं बाबा आत्ता कचरा रिकामा करते, पाच सेकंद लागतील. बाबा जरा घुटमळले. मग म्हणाले, ते तंबोरावाले काका विचारत होते, त्या ढिंच्याकमधला ठेका कुठला आहे म्हणून, त्यांनी मांडीवर धरून पण बघितला.

"मग ठेवू?"

"ठेव. पण नंबर घालून ठेव. भैरवीनंतर बरं नाही दिसत, तोडीच्या आधी टाक, तेव्हा जरा झोप येते सगळ्यांना."