पळू नका म्हणे! ‘कमांडो’ मेसेजमधल्या पायांच्या गोष्टी

‘कमांडो प्रशिक्षकाच्या सूचना, प्रत्येक मुलीपर्यंत पोहोचवा’ हा मेसेज दोन-तीन ग्रुपांवर येऊन गेला होता. वाचला, हसले, सोडून दिला. परवा तो माझ्या बहिणीने तिच्या लेकीला पाठवला. लेक यंदाच शिकायला पुण्याला गेली आहे, हॉस्टेलवर राहते. मेसेजखाली बहिणीची ओळ: ‘रोज दहा मिनिटं कर, म्हणजे मला काळजी नाही.’ असला मेसेज वाचून आईची काळजी मिटत असेल तर गप्प बसून चालणार नाही. मी कबड्डी खेळलेली आहे आणि आता शाळेतल्या मुलींना शिकवते. त्यामुळे पाय, लाथ आणि तोल यांवर बोलायचा मला तेवढा हक्क आहे.

मेसेजात आहे ते असं. एक, हल्ला झाला की पाय जमिनीत रोवून उभं राहा, एक पाऊलही मागे घेऊ नका. दोन, हल्लेखोराच्या हनुवटीवर लाथ मारा, कारण पायात हातापेक्षा जास्त ताकद असते. तीन, बॉक्सरसारखं चवड्यांवर सतत नाचत राहा. चार, रोज मिनिटभर एका पायावर उभं राहा, तोल पक्का होतो, वेगळा सराव लागत नाही. पाच, मागून धरलं तर खांद्यावरून पुढे फेका. सहा, पळू नका, शिवरायांच्या मातीत पळ काढणं शोभत नाही. आणि शेवटी कायद्याचं शेपूट, त्याच्याकडे नंतर येते.

पहिली आणि तिसरी सूचना एकाच वेळी पाळून दाखवणाऱ्याला माझ्याकडून नारळ.

सुरुवात सहावीपासून करते. बाकीच्यांनी फार तर पाय मुरगळेल, हिच्यापायी जीव जाईल. महाराजांचं नाव घेऊन ‘पळू नका’ सांगणाऱ्याने चौथीचा इतिहास तरी वाचला होता का? १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा होता, तेव्हा महाराज गडावर पाय रोवून बसले नाहीत. भर पावसात, रात्रीच्या अंधारात निसटले आणि विशाळगड गाठला. १६६६ साली आग्र्याच्या पहाऱ्यातून निसटले. कुठे लढायचं आणि कुठून निघायचं हे ज्याला कळलं त्याने राज्य उभं केलं. आणि त्याच्याच नावावर एकोणीस वर्षांच्या पोरीला सांगताय की दोन धटिंगणांसमोर उभी राहा, पळालीस तर लाज जाईल.

रस्त्यावर कोणाला हरवायचं नसतं. उजेडात, माणसांत पोहोचायचं असतं. कबड्डीत चढाईला गेलेली पोरगी पकडीत सापडली की काय करते? समोरच्या सात जणींना लोळवायला बघत नाही. मध्यरेषेपर्यंत एक बोट पोहोचवायला बघते. तिचं सगळं पदलालित्य त्या बोटासाठी असतं.

‘एक पाऊलही मागे घेऊ नका’ या पहिल्या सूचनेत अर्धं खरं आहे, तेवढं सांगते. तोंड समोर ठेवून सरळ मागे मागे सरकत जाणं धोक्याचंच. पुढे येणारा माणूस मागे जाणाऱ्यापेक्षा वेगाने येतो, आणि मागची पायरी, दगड, गटाराचं तिरकं झाकण आपल्याला दिसत नाही. म्हणून आधी तिरकं, बाजूला एक-दोन पावलं, मग वळायचं आणि सुटायचं. अंधाऱ्या बोळाकडे नाही, रिक्षास्टँड, मेडिकल, चहाची टपरी, जे जवळ असेल तिकडे. ओरडत. मदतीचा ११२ नंबर फिरवायला फोन काढायचा तो तिथे पोहोचल्यावर.

आणि पळायला जागाच नसेल तर? खोलीत, गाडीत, जिन्यात? तिथे झगडावंच लागतं. पण तिथे समोर असतो तो बहुतेक वेळा ओळखीचा माणूस. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत बलात्काराचे नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी पीडितेच्या ओळखीचे निघतात, वर्षानुवर्षं. ‘कमांडो’ साहेबांना मात्र झुडपामागचा गुंडच दिसतो.

आता पाय रोवण्याचं. दोन्ही पाय शेजारी-शेजारी ठेवून, गुडघे ताठ करून उभ्या राहा आणि घरातल्या कोणाला तरी छातीवर दोन बोटांनी ढकलायला सांगा. मागे पलंग असू द्या. शरीराचा भार जोवर दोन पावलांनी वेढलेल्या जागेच्या आत पडतो तोवर माणूस उभा राहतो. पाय शेजारी असले की ही जागा पुढे-मागे फक्त पावलाच्या लांबीइतकी उरते, आणि घोट्याच्या मागे टाच असते ती किती, तीन-चार बोटं. मागे जायला वेळ लागत नाही. एक पाय अर्धं पाऊल पुढे, दोघांत खांद्याइतकं अंतर, गुडघे किंचित मोडलेले, भार दोन्हींवर, असा पवित्रा घेतला तर छोटा धक्का पचतो. लाठीकाठीच्या आखाड्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पण मोठा धक्का? तो कुठल्याच पवित्र्याने पचत नाही. तिथे पाऊल टाकावंच लागतं, भार जिकडे चालला तिकडे, आणि चटकन.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. २०१७ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पाऊल टाकण्याच्या सरावाबद्दलच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या. ठरवून किंवा अचानक धक्का बसल्यावर पटकन योग्य जागी पाऊल टाकायचं, एवढाच सराव. तो करणाऱ्यांचं पडण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. चाचण्या वयस्कर लोकांवरच्या होत्या, मारामारीच्या नव्हत्या, हे मान्य. पण फुटपाथवर ढकललेल्या विशीतल्या मुलीला जमीन काही वेगळा नियम लावत नाही. तोल जातो तेव्हा शरीर सावरतं ते पाय हलवून. आणि मेसेज नेमकं तेवढंच करू नका म्हणतो.

न सावरलेल्याचं डोकं मागच्या बाजूने काँक्रीटवर आपटतं. एका ठोशाने माणूस मेला अशा बातम्या आपण वाचतो, त्यांत पुष्कळदा ठोसा मारत नाही, खालचा रस्ता मारतो. अशा मृत्यूंवरून ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१४ मध्ये वेगळा कायदा केला. एक पाऊल मागे घेतल्याने कोणाची अब्रू जात नाही. डोकं वाचतं.

हनुवटीवरच्या लाथेबद्दल किती लिहावं? पायात हातापेक्षा ताकद जास्त, हे खरंच. ती ताकद वापरायला मात्र एक पाय उचलावा लागतो, आणि उचलला की सगळा भार एका तळव्यावर. कबड्डीत लाथ मारून गडी टिपताना चढाईवालीने पाय जरा जास्त वेळ हवेत ठेवला की कोपऱ्यातली मुलगी घोटा धरते, आणि मग ती लाथ मारणारी किती का दांडगी असेना, आडवी होते. हे गुडघ्याच्या उंचीच्या लाथेचं झालं. हनुवटीपर्यंत गेलेला पाय धरायला कोपरारक्षकही लागत नाही.

तायक्वांदोत मुली डोक्यावर लाथा मारतात, मी पाहिलेल्या आहेत, सुरेख मारतात. त्या अनवाणी असतात, खाली मॅट असते, अंग गरम केलेलं असतं. शिवाय नियमच तसे आहेत. डोक्यावरच्या साध्या लाथेला तीन गुण, धडावरच्या लाथेला दोन, ठोशाला एकच, आणि तोंडावर ठोसा मारायला बंदी. ज्याला गुण त्याचा सराव. आमची पोर संध्याकाळी सातला क्लासवरून येते ती कुर्ता आणि जीन्स घालून, एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग, पायात मागून मोकळी चप्पल, खाली पेव्हर ब्लॉक, त्यांतला एक हलणारा, आणि पावसाळा असेल तर त्यावर शेवाळ. तिथे तिने पाय छातीच्या वर न्यावा म्हणे. जीन्सच आधी उसवेल.

पाय वापरायचाच झाला तर खाली वापरायचा. नडगीवर टाचेने, त्याच्या पावलावर आपलं पाऊल दाणकन, आणि तेही हात सोडवायला. हात सुटला की पाय पुन्हा जमिनीवर आणि चालू पडा. दुसरी लाथ मारायला थांबू नका.

चवड्यांवर नाचणं: रिंगणात, बूट घालून, पंच आणि घंटा असताना ठीक. उडी मारलेल्या क्षणी जमिनीला एकही पाय नसतो, आणि धक्का तुमची सोय बघून येत नाही. भार टाचांवर टाकून ढिम्म राहू नये, एवढं त्यातलं घ्या. बाजूला सरकताना ज्या दिशेला जायचं त्या दिशेचा पाय आधी, दुसरा त्याच्या मागून. पायात पाय अडकू द्यायचा नाही. कबड्डीत बचावाला हात धरून उभ्या मुलींची साखळी अशीच सरकते.

एका पायावर उभं राहण्याला मी नावं ठेवणार नाही. घोटे मजबूत होतात, माझ्या आईला मी रोज ओट्याला धरून करायला लावते. पण तिथे कोणी ढकलत नसतं, आणि पाऊलही टाकावं लागत नाही. वर सांगितलेल्या चाचण्यांत फरक पडला तो पाऊल टाकण्याच्या सरावाने. तेव्हा दहा मिनिटं द्यायचीच असतील तर मैत्रिणीबरोबर द्या. हॉस्टेलच्या कोरड्या अंगणात, रोजच्याच चपला घालून, बॅग खांद्याला. तिने न सांगता कधी खांद्यावर, कधी पाठीवर हलकं ढकलायचं, तुम्ही पाऊल टाकून सावरायचं आणि लगेच दाराकडे सुटायचं. मग अदलाबदल. जिन्याजवळ नको, ओल्या फरशीवर नको.

खांद्यावरून फेकण्याला दोनच वाक्यं. ज्यूदोत फेकायच्या आधी पडायला शिकवतात, आणि फेकण्याआधी समोरच्याचा तोल मोडायला, त्यात महिने जातात. मागून मिठी पडली तर गुडघे मोडून बूड खाली घ्या, पाय फाकवा, कंबर एका बाजूला काढा. उचलून नेणं अवघड होतं, आणि ओरडायला तोंड मोकळं असतंच.

राहिलं कायद्याचं शेपूट. ‘कलम २३३ नुसार हल्लेखोराला ठार मारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, खुनाचा गुन्हा लागणार नाही.’ भारतीय दंड संहितेचं कलम २३३ खोटी नाणी पाडायची अवजारं बनवण्या-विकण्याबद्दल होतं. ती संहिताच १ जुलै २०२४ पासून गेली. आता भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि तो चांगला भक्कम आहे. बलात्काराच्या किंवा ॲसिड फेकण्याच्या हेतूने केलेल्या हल्ल्यात जीव वाचवताना हल्लेखोर मेला तरी कलम ३८ पाठीशी उभं राहतं. पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, ही अट कलम ३७ मध्ये आहे. तो पडला, तुम्ही सुटलात, आणि परत फिरून त्याच्या डोक्यात दगड घातलात, तर न्यायालयात तो मेसेज दाखवून काही होणार नाही.