‘आमच्या आजोबांनी कधी सड बुडवले नव्हते’: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

तुम्ही नाव दिलेलं नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला गोठा आणि आजोबांचा काळ यावरून वय ताडलं आणि काका म्हणतोय. चुकलो तर सोडून द्या.

कासदाहावरच्या, म्हणजे कास सुजण्याच्या आजारावरच्या, माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं: धारेनंतर सड (आचळ) जंतुनाशक आयोडिनमध्ये बुडवायला सांगून मी औषधवाल्यांचा धंदा करतोय. तुमच्या आजोबांनी जन्मभर खोबरेल लावून धार काढली, पण कास कधी सुजली नाही. पहिल्या दोन धारा जमिनीवर सोडायला सांगणं म्हणजे मस्ती आली आहे. आणि दुधाला फॅट (स्निग्धांश) लागत नाही त्याला गाय नव्हे, दूध सोसायटीचं मशीन जबाबदार आहे.

धारांचं आधी घेतो, कारण तिथे मी चुकलो. तुम्ही लक्ष्मी पायदळी जाते म्हणून रागावलात, माझी चूक दुसरी आहे. जंतू सगळ्यात जास्त त्या पहिल्या धारांतच असतात आणि गाय त्याच जमिनीवर कास टेकून बसते. धारा गडद रंगाच्या वाटीत घ्यायच्या, म्हणजे गुठळी किंवा पाणचटपणा लगेच दिसतो, आणि मग ते दूध गोठ्याबाहेर टाकायचं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता खोबरेल. सडाचं कातडं मऊ राहतं, भेगा पडत नाहीत, हे खरंच. पण आजोबांची गाय कोणती होती? बहुतेक आपली गावठी पांढरी, जिला आता ‘श्वेतकपिला’ म्हणून जातीची नोंद मिळाली आहे. दोन-तीन लिटर देणारी, दिवसभर रानात चरणारी, उरलेलं दूध वासरू चाटूनपुसून संपवणार. तुम्ही लिहिता, तुमच्याकडे आठ संकरित गायी आहेत. एकेक दहा-बारा लिटरची, काँक्रीटवर बांधलेली, आणि जून ते सप्टेंबर त्या काँक्रीटला कोरडं म्हणून ठाऊक नाही. धार काढून झाल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही, अर्धा तास तरी उघडं असतं. तेवढ्यात गाय शेणात बसली की ई. कोलायसारखे जंतू थेट आत. म्हणूनच मी लिहिलं होतं की धार झाल्याबरोबर पुढ्यात वैरण टाका, ती उभी राहील. यात मी कुठलं औषध विकलं?

तेलाचा खरा घोळ हातात आहे. तेलकट, दुधाळ बोटं एका गायीवरून दुसरीकडे जातात, आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू नेमका असाच पसरतो. दोन गायींच्या गोठ्यात ते खपून गेलं असेल, आठांत खपणार नाही. हात धुवा, आजारी गाय शेवटी पिळा, अंगठा दुमडून सड ओढण्यापेक्षा मुठीने पिळा. आयोडिन यानंतर येतं.

पण तुमच्या प्रतिक्रियेतलं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात: ‘एका गायीचा मागचा डावा सड आटलाय, पण ते वयामुळे.’ काका, वय एकाच सडाला गाठत नाही. कासेचे चार भाग चार वेगळ्या ग्रंथी आहेत, एकाचं दूध दुसऱ्यात उतरत नाही. बाकी तीन भरून येतात आणि एकच आटतो, तेव्हा तिथे बहुधा मुका कासदाह होऊन गेलेला असतो. सूज नाही, ताप नाही, दूध दिसायला पांढरंशुभ्र. निरोगी कासेच्या एक मिलिलिटर दुधात पेशी (मुख्यतः जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) साधारण 2 लाखांच्या आत असतात. आजार आत मुरला की त्या कितीतरी पट वाढतात आणि तरी डोळ्याला काही कळत नाही. दगडी झालेली कास दिसते तरी, ही दिसतच नाही.

मशीनचं म्हणाल, तर काही ठिकाणी गडबड असेलही, आणि दर परवडत नाही यावर माझं तुमच्याशी भांडणच नाही. पण गायीच्या दुधाला 3.2 फॅट आणि 8.3 एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) टक्के लागतं. कासदाहात दुधातली साखर आणि केसीन हे प्रथिन घटतं, मीठ वाढतं, म्हणजे एसएनएफला तिथेच फटका. शिवाय सोसायटीत पेशी कोणी मोजत नाही, त्यामुळे नुकसान होतं पण कारण पावतीवर येत नाही.

औषधवाल्याचा आरोप मला जास्त लागला, कारण औषधाने मीच पोळलोय. गेल्या चवथीच्या आधी एका गायीच्या एका सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली. बाकी तीन सड चांगले म्हणून त्यांचं दूध घरी ठेवलं. दही लागेना. बायको विरजणाला दोष देत होती. मग लक्षात आलं, औषध रक्तातून चारही सडांत उतरतं आणि विरजणाचे जंतू मारतं. उकळूनही ते पूर्ण जात नाही. वेष्टनावर जेवढे दिवस लिहिलेत तेवढे चारही सडांचं दूध वेगळं. ऐन चवथीत दूध ओतून देताना काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको.

एवढं कराल का? लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. चार वाट्यांत चार सडांचं थोडं थोडं दूध घ्या, तेवढंच द्रावण घाला, हलवा, मिनिटभर थांबा. पातळ राहिलं तर ठीक. शेंबडासारखं दाटलं तर त्या सडात पेशी वाढल्या आहेत. नुकती व्यालेली किंवा आटत आलेली गाय घेऊ नका, ती फसवते. ते दूध अर्थातच ओतून द्यायचं, जमिनीवर नव्हे. आठही गायींचं बघा, आणि त्या मागच्या डाव्या सडातून चार थेंब निघाले तर त्यांचंही. काय दिसलं ते इथेच खाली लिहा. दाटलं तर गुरांच्या डॉक्टरला नमुना दाखवल्याशिवाय ट्यूब आणू नका.