फ्लॉरेन्सला जाताय? मग एक गाइड फक्त स्वतःच्या घरच्यांसाठी घ्याच

सुट्ट्या जवळ आल्या की प्रत्येक फॅमिली ग्रुपवर तीच चर्चा सुरू होते, अमुक कंपनी किती घेते, रोज इंडियन जेवण देतात का, आणि इटलीत किती रात्री. त्यात कुणी प्रायव्हेट गाइडचं नाव काढलं की लगेच चार जण म्हणणार, "कशाला पैसे घालवता, यूट्यूबवर सगळं आहे." मला हे अजिबात पटत नाही म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. पैसे वाचवायचे तर हॉटेलवर वाचवा, शॉपिंगवर वाचवा, पण फ्लॉरेन्ससारख्या जुन्या शहरात त्याच गावात राहणारा, लायसन्सवाला गाइड निदान अर्धा दिवस फक्त तुमच्या घरच्या माणसांसाठी घ्या, आणि शक्यतो पहिल्याच दिवशी घ्या.

माझे दीर आणि जाऊबाई ग्रुप टूरने जाऊन आलेत. बस गावाबाहेर थांबते, तिथून झेंडा धरलेल्या माणसामागे कानात इयरफोन घालून चालायचं, कॅथेड्रलसमोर फोटो, चौकातल्या डेव्हिडच्या पुतळ्यासमोर फोटो (तो डेव्हिड नक्कल आहे, खरा 1873 मध्येच आत अकादमिया म्युझियममध्ये हलवलाय, हे त्यांना घरी आल्यावर कळलं), मग पॉन्ते वेक्यो या जुन्या पुलावर फोटो, मॅग्नेट घ्यायला वीस मिनिटं, आणि परत बस कारण पुढे पिसा. टूर मॅनेजरचा दोष नाही हो, चाळीस माणसं, त्यात कुणाला वॉशरूम, कुणाचा पाय दुखतोय, तो बिचारा डोकी मोजणार की इतिहास सांगणार? पण एवढे लाख खर्चून शहराची फक्त पाठ बघून यायचं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आम्ही गेलो ते मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. आई कोल्हापूरच्या, रिटायर्ड शिक्षिका, गुडघ्यांचा त्रास आहे पण डोकं एकदम तल्लख आणि उत्सुकता आमच्यापेक्षा जास्त. बुकिंग करताना गाइडबाईंनी जे प्रश्न विचारले त्यावरूनच मला कळलं की इथे योग्य माणूस भेटलाय. काय बघायचंय हे त्यांनी शेवटी विचारलं, आधी कोण कोण येणार, किती चालू शकतात, काय खातात, काय काम करतात, भारतात नेमकं कुठलं गाव. मी कोल्हापूर लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, मग दुपारी आपण काशीने पार्कला जाऊ, कोल्हापूरचा माणूस इथे येऊन तिथे न जाता परत गेलेला मला चालणार नाही.

ते पुढे सांगते. आधी सकाळचं.

कॅथेड्रल, त्यावरचा ब्रुनेलेस्की या वास्तुकाराचा घुमट वगैरे त्यांनी पटकन आटपलं, बाहेरूनच. 1420 ला काम सुरू, 1436 ला पुरं, आणि एवढा प्रचंड घुमट खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता चढवला, एवढं सांगून म्हणाल्या बाकीचं तुम्हाला कुठेही वाचता येईल. आईंना तेवढ्यात बसायचं होतं. मी खुर्ची असलेलं कॅफे शोधायला लागले तर बाईंनी त्यांना पुढच्याच गल्लीत एका मोठ्या वाड्याच्या भिंतीशी नेलं, आणि भिंतीला लागूनच दगडी ओटा, चांगला रुंद. जुन्या श्रीमंत घराण्यांनी वाडे बांधताना रस्त्याच्या बाजूला असे ओटे ठेवलेत, मेदिचींच्या वाड्याला आहेत, स्त्रोत्सींच्या वाड्याला आहेत, कामासाठी आलेल्या माणसाने बसायचं आणि रस्त्यावरच्या कुणीही बसायचं. त्यानंतर आम्ही अख्खं शहर असं ओट्याओट्याने फिरलो. आईंच्या गुडघ्यांचा आणि त्या गल्ल्यांचा मेळ बाईंनी इतका छान घातला की संध्याकाळपर्यंत त्या एकदाही "तुम्ही जा, मी बसते" म्हणाल्या नाहीत. ग्रुपमध्ये हे शक्यच नाही.

त्या ओट्यावर बसल्या बसल्याच मुलीला समोरच्या वाड्याच्या दाराशेजारी एक छोटीशी कमानदार खिडकी दिसली, कमरेएवढ्या उंचीवर, जेमतेम एक बाटली जाईल एवढी. तिला वाटलं देवाचा कोनाडा. तर ती वाइन विकायची खिडकी! इथल्या घराण्यांची आसपास शेती, द्राक्षमळे, आणि आपल्या मळ्यातली वाइन वाड्याच्या खिडकीतून थेट गिऱ्हाइकाला विकायची त्यांना मुभा होती. 1630 च्या प्लेगमध्ये या खिडक्या फार कामाला आल्या, आतला माणूस बाहेरच्याला शिवत नाही, नाणीसुद्धा व्हिनेगरमध्ये टाकून घ्यायचे. आणि 2020 मध्ये कोविडच्या वेळी यातल्या काही खिडक्या पुन्हा उघडल्या. शहरात अशा दीडशेच्या आसपास आहेत म्हणे. मुलगी त्यानंतर दिवसभर प्रत्येक भिंत निरखत चालत होती, फोन खिशात. यापेक्षा आणखी काय पाहिजे?

आई शिक्षिका होत्या हे लक्षात ठेवून बाईंनी आम्हाला इन्नोचेंती अनाथालयात नेलं. इमारत ब्रुनेलेस्कीचीच, पैसा रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाचा, आणि 1445 मध्ये इथे पहिलं टाकलेलं मूल आलं. बाहेर कमानींच्या वर निळ्या गोलात पांढरी, कापडात गुंडाळलेली बाळं आहेत, ती सगळे बघतात. आत म्युझियममध्ये छोटे छोटे ड्रॉवर आहेत, ते एकेक ओढून बघायचे. आत एक अर्धं पदक, अर्धं तोडलेलं नाणं, मणी, कापडाचा तुकडा. मूल ठेवताना आई अर्धा तुकडा बाळाजवळ ठेवायची आणि अर्धा स्वतःकडे, कधी दिवस पालटले आणि परत न्यायला आली तर खूण पटावी म्हणून. इथे असलेले तुकडे म्हणजे ज्यांची जोडी लागलीच नाही ते. आईंनी एक ड्रॉवर उघडला आणि बराच वेळ हात तसाच ठेवून उभ्या राहिल्या. मग मुलीला जोतीराव-सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाबद्दल सांगितलं, मुलीने ते इंग्रजीत बाईंना सांगितलं, आणि बाईंनी वही काढून सावित्रीबाईंचं नाव लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून. चांगला गाइड असतो तो असा, सांगतो तेवढंच ऐकतोही.

आता महापुराचं. सांता क्रोचे चर्चजवळच्या गल्ल्यांमध्ये सान रेमिज्यो म्हणून एक साधं चर्च आहे, तिथे कोपऱ्यावरच्या भिंतीवर एक दगड बसवलाय, त्यावर पाण्याच्या लाटा आणि एक हात कोरलाय, बोट दाखवणारा. 4 नोव्हेंबर 1333, अर्नो नदीचं पाणी इथपर्यंत आलं होतं. आणि मान वर करून बघायचं तर त्याच्याही वर दुसरी पाटी, 4 नोव्हेंबर 1966. तीच तारीख, सहाशे तेहेतीस वर्षांनी, आणि पाणी आणखी वर! या भागात काही ठिकाणी सहा मीटरच्या वर चढलं होतं. थंडी सुरू होत होती म्हणून घराघरांत हीटिंगच्या तेलाच्या टाक्या भरलेल्या, त्या फुटल्या, तेल गाळात मिसळलं आणि पाणी उतरल्यावर सगळ्या भिंतींवर काळा पट्टा राहिला. बाप्तिस्त्रीच्या (कॅथेड्रलसमोरची बाप्तिस्मा द्यायची इमारत) प्रसिद्ध सोनेरी दारातली पाच चित्रं पाण्याच्या माऱ्याने निखळून पडली, नॅशनल लायब्ररीतली लाखो पुस्तकं चिखलात गेली, आणि ती उपसायला जगभरातून कॉलेजची पोरं आली, हाताला हात लावून रांग करून पुस्तकं बाहेर काढली. इथले लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणतात.

बाईंची आई तेव्हा शाळकरी होती. अख्ख्या बिल्डिंगचे लोक वरच्या मजल्यावरच्या एका घरात जमलेले, आणि घरात एवढी माणसं असून कुणी बोलत नव्हतं असं ती सांगायची.

आई लगेच म्हणाल्या, "2019 ला आमच्याकडे असंच." राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर आलं हे पावसाळ्यात रोज बघणाऱ्या बाईला पूर ही काय चीज आहे ते कुणी समजावून सांगायला नको. त्या दोघी, एक मराठीत एक इंग्रजीत, मध्ये माझी मुलगी, गाळाचा वास किती महिने जात नाही, भिंती किती दिवस ओल धरतात, कुठलं सामान आधी वर उचलायचं, यावर त्या पाटीखाली उभ्या राहून बोलत होत्या. मला तो सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात मोलाचा वेळ वाटतो, आणि तो कुठल्याही आयटिनरीत लिहिता आला नसता.

जेवणाचंही तसंच. आई शाकाहारी. बाईंनी नेहमीच्या पिझ्झाकडे न नेता एका साध्या खानावळीत नेलं, आत जाऊन रिबोल्लीतामध्ये मटणाचं पाणी घातलंय का ते आधी विचारलं, नाही म्हटल्यावरच बसवलं. शिळा ब्रेड, पांढरे घेवडे आणि काळपट कोबीची पानं घालून पुन्हा पुन्हा उकळलेलं दाट सूप आहे ते, गरिबाचं जेवण. तिथला ब्रेड बिनमिठाचा असतो तेही आधीच सांगितलं, म्हणून कुणी नाक मुरडलं नाही.

आणि मग काशीने.

किती जणांना माहीत आहे मला कल्पना नाही, पण करवीरच्या गादीवरचे छत्रपती राजाराम महाराज (शिवरायांचे चिरंजीव राजाराम महाराज वेगळे, हे दुसरे, कारकीर्द 1866 ते 1870) इंग्लंडचा दौरा करून परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 ला तिथेच वारले. वय अवघं वीस. कॅथलिक शहर, दहनाची पद्धत नाही, चिता कुणी पाहिलेली नाही. पण शहराने खास परवानगी दिली आणि पार्कच्या पार टोकाला, मुन्योने नावाची छोटी नदी अर्नोला मिळते त्या संगमावर, आपल्या रिवाजाप्रमाणे त्यांना अग्नी दिला. 1874 मध्ये त्याच जागी छत्री उभी राहिली. आत महाराजांचा अर्धपुतळा, पांढराफटक संगमरवरी नाही तर रंगवलेला, अंगावर दागिने, डोक्यावर पागोटं. छत्रीचं डिझाइन चार्ल्स मँट यांचं, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा न्यू पॅलेस केला तेच हे मँट. महाराजांनी त्या प्रवासाची इंग्रजीत डायरी लिहिली होती, ती त्यांच्या मागे 1872 मध्ये छापली गेली.

जवळच अर्नोवर मोठा केबलचा पूल आहे, त्याचं नावच पॉन्ते अल्ल'इंदियानो, म्हणजे फ्लॉरेन्सचा प्रत्येक ड्रायव्हर कोल्हापूरच्या छत्रपतींच्या नावाने रोज ट्रॅफिकच्या बातम्या ऐकतो आणि बहुतेकांना हे कोण ते माहीत नसतं. आणि आपल्या बस? दर सीझनला मराठी माणसांनी भरलेल्या बस या शहरात येतात आणि इथे न थांबता जातात. मला याचा खरोखर राग येतो. पार्क मोठा आहे, लांब आहे, दुकानं नाहीत हे सगळं मान्य, पण निदान बसमध्ये माइकवरून सांगा तरी, की इथे आपला एक वीस वर्षांचा राजा आहे.

आईंनी चपला काढल्या, नमस्कार केला, आणि त्यांच्या लहानपणी न्यू पॅलेसवर कसे जायचे ते बाईंना सांगत बसल्या. बाईंनी आमचे ठरलेले तास कधीच संपले होते तरी घड्याळ बघितलं नाही.

आता पैशांचं. आम्हाला अर्ध्या दिवसाचे दोनशे युरोच्या वर थोडे पडले, दुपारचे वेगळे, तिकिटं-टॅक्सी आमची. चौघांत वाटा, माणशी साधारण एका बऱ्या डिनरएवढं येतं. शिवाय हा पैसा त्या शहरात राहणाऱ्या माणसाच्या हातात जातो, हे मला महत्त्वाचं वाटतं. जुन्या गावातली घरं टुरिस्टांना भाड्याने देऊन देऊन तिथल्या लोकांना राहायला जागा उरत नाही, बाईसुद्धा बाहेरच्या वस्तीत राहतात. 2023 मध्ये शहराने जुन्या भागात अशी नवीन भाड्याची घरं सुरू करायला बंदी घातली ती यामुळेच. आपण तिथे जाऊन गर्दी करणारच आहोत, तर त्यातले चार पैसे तरी गाव जिवंत ठेवणाऱ्याकडे जाऊ देत.

ग्रुप टूरनेच जाणार असाल तरी मोकळी संध्याकाळ मिळाली तर दोन तास घ्या, तेवढ्यानेही फरक पडतो. इटलीत गाइडला परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं, तेव्हा कार्ड आहे का ते बिनधास्त विचारा, खऱ्या गाइडला त्याचा राग येत नाही. चौकात छत्री हलवत स्वस्तात फिरवतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. मेल करताना "टॉप टेन दाखवा" असं लिहू नका, त्याऐवजी घरात कोण आहे, कुणाला काय आवडतं, कोण किती चालतं आणि गाव कुठलं ते लिहा, पुढचं ते बघतात. उफीझी आणि अकादमिया ही म्युझियम सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार असा पायी फिरण्यासाठी ठेवा. काशीनेच्या त्या टोकाला म्हाताऱ्या माणसांना चालत नेऊ नका, टॅक्सी करा आणि परतीची टॅक्सी तिथे पोचल्या पोचल्या सांगून ठेवा, कारण आयत्या वेळी मिळत नाही.