खुलासा : नजर चुकवली म्हणून माणूस खोटा ठरत नाही

‘समोरचा सचोटीचा आहे का हे डोळ्यांवरून ओळखा, खोटं बोलणारा नजर चुकवतो, उजवीकडे वर बघतो’ असा मजकूर सध्या फिरतोय. त्यात तथ्य नाही.

उजवीकडे वर बघण्याचा दावा मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये तपासून पाहिला. खोटेपणाचा आणि नजरेच्या दिशेचा संबंध सापडला नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये आधीच्या अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा खरं-खोटं ओळखताना लोक साधारण 54 टक्के वेळाच बरोबर निघाले. नाणं उडवलं तरी पन्नास मिळतात! शिवाय सराईत थापाड्या डोळ्यांत डोळे घालूनही बोलू शकतो, आणि बुजरा माणूस खरं सांगतानाही जमिनीकडे बघतो.

मुळात एखादं वाक्य खरं आहे का आणि माणूस सचोटीचा आहे का, हे प्रश्नच वेगळे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका भेटीत मिळत नाही. समजा, एखाद्याच्या अहवालाचं कौतुक चाललंय आणि तो मध्येच म्हणतो, ‘तिसऱ्या पानावरचा आकडा माझ्याकडून चुकलाय.’ कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. असं काही दिसलं तर नोंद घ्या. ‘मी तोंडावर बोलतो’ याला मात्र भुलू नका; असे बरेच जण वरिष्ठांसमोर मूग गिळून बसतात. आणि दिलेला शब्द पाळणं जमेना झालं की माणूस आधी कळवतो, की फोन उचलणंच बंद करतो, तेही पाहा.