अर्जंट आहे, उद्या सबमिशन

अकरावी सायन्सला ॲडमिशन मिळाल्याबद्दल अभिनंदन. एककं आणि मोजमापाचा धडा होता तोवर सगळं बरं चाललं होतं. मग गती आली आणि तिच्या मागोमाग न्यूमरिकल्स आली. ती तुम्हाला सुटणार नाहीत, हे आपण दोघांनीही गृहीत धरलंय. उरला प्रश्न मदत कशी मागायची एवढाच. सोसायटीत मी 'फिजिक्सवाले काका' म्हणून बरीच वर्षं बदनाम असल्यामुळे या बाबतीत चार शब्द अधिकाराने सांगू शकतो.

गणित सोमवारी मिळालं आणि वही गुरुवारी द्यायची असेल, तर बुधवारी रात्री साडेअकराच्या आत कुणाला विचारू नका. लवकर विचारलं की समोरचा समजावत बसतो. साडेअकराला समजावण्याचं त्राण कुणातच नसतं, तो मुकाट उत्तर देऊन मोकळा होतो.

प्रश्न टाइप करायचा नाही. टाइप करताना तो चुकून वाचला जातो. पुस्तक मांडीवर तिरकं धरून फोटो काढावा, ट्यूबलाइट पानावर चमकावी आणि अंगठा नेमका वेगाच्या आकड्यावर यावा. खाली एकच ओळ: 'काका हे कसं करायचं, अर्जंट आहे, उद्या सबमिशन.' तोच फोटो त्याच मिनिटाला क्लासच्या ग्रुपवर, इंजिनीअर मावसबहिणीला आणि फोटो बघून उत्तर देणाऱ्या ॲपलाही धाडावा. चार उत्तरं आली की बहुमत घ्यावं. (ॲप जिंकतं. त्याचं अक्षर चांगलं असतं.)

आणि आपण स्वतः काय करून पाहिलं, हे प्राण गेला तरी सांगू नका. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका मुलाने ही चूक केली. गणित साधं होतं. 24.5 मीटर उंच गच्चीवरून चेंडू 19.6 मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, तर तो किती वेळाने जमिनीवर पडेल? पठ्ठ्याने प्रश्नासोबत आपली वहीपण पाठवली. सूत्र बरोबर, गुरुत्वत्वरण म्हणजे 'जी' 9.8 बरोबर, उणेही जागच्या जागी. फक्त विस्थापनाच्या जागी 24.5 जसेच्या तसे. वरची दिशा अधिक धरली तर जमीन उणे 24.5 वर येते, तेवढं चिन्ह राहून गेलं. वर्गसमीकरण सोडवता सोडवता वर्गमुळाखाली उणे 4 आले आणि चेंडू तिथेच लटकला.

शहाण्या मुलाने इथे पान फाडलं असतं. पण वही समोर आल्यावर मलाही राहवेना. समीकरणाची काही चूक नव्हती. त्याला विचारलं होतं, की चेंडू गच्चीच्या 24.5 मीटर वर केव्हा पोचेल? त्या वेगाने तो वर जातो जेमतेम 19.6 मीटर. म्हणून ते म्हणालं, कधीच नाही. आपण भलतंच विचारतोय हे इतक्या स्वच्छपणे तोंडावर सांगणारं माणूस माझ्या तरी नात्यात नाही. चिन्ह बदललं आणि दोन उत्तरं आली: 5 सेकंद आणि उणे 1 सेकंद.

उणे 1 वर काट मारून 'वेळ ऋण नसते' असं लिहायचं, ही आपली परंपरा. पोरगं विचारतंय, मग ते आलं कुठून? झाली का पंचाईत! सांगावं लागलं, की हाच चेंडू एक सेकंद आधी थेट जमिनीवरून 29.4 च्या वेगाने वर मारला असता, तर तो गच्चीपाशी त्याच क्षणी, बरोबर 19.6 च्याच वेगाने पोचला असता. समीकरणाला तुमची गच्ची दिसत नाही, फक्त चेंडू दिसतो. आणि पाचव्या सेकंदाला खाली आपटतानाही वेग 29.4 च. यात बारा वाजून गेले, आणि सांगायला वाईट वाटतं, पोरगं पुढचं गणित मला न विचारताच सोडवून बसलं.

आकृतीच्या नादीही लागू नका. उतारावरच्या ठोकळ्यावर वजनाचा, पृष्ठभागाच्या प्रतिक्रियेचा आणि घर्षणाचा असे तीन बाण काढले की अर्धं गणित उरतच नाही, मग काकांना काय विचारणार? साइन घ्यायचा की कोसाइन, हे नाणं उडवून ठरवावं. कोन शून्य केला तर टेबलावरचा ठोकळा आपोआप घसरता कामा नये, एवढ्या विचारानेही ते कळतं म्हणा. पण नाणं खिशातच असतं.

एककं लिहिणं ऐच्छिक समजा, फार तर अर्धा मार्क जाईल. 1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोचून नष्ट झालं, कारण एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून घेतले. पण त्यांना कुठे बोर्डाची परीक्षा होती?

'जी' 9.8 घ्यायचा की 10, यावर मात्र ग्रुपवर मनसोक्त भांडा. फरक 2 टक्क्यांचा आहे, रात्र आरामात निघते. प्रॅक्टिकलला तर तोही वाद नको. आधी जर्नलमध्ये 9.8 लिहावं, मग लंबकाची रीडिंग्ज त्याला साजेशी भरावीत. 1 मीटरच्या लंबकाला 20 आंदोलनांना साधारण 40 सेकंद लागतात, तेवढं लक्षात असलं की दोरा बांधायचीही गरज नाही.

हे सगळं पाळलंत की युनिट टेस्टला बिनधास्त जा. गच्ची तीच असेल, 24.5 मीटर. वेग तोच, 19.6. फक्त चेंडू या वेळी वर नाही, सरळ खाली फेकलेला असेल. तुम्हाला उत्तर पाठ आहे: 5 सेकंद. ठसठशीत लिहा आणि खाली दोन रेघा मारा. शेजारच्या बाकावर तो वही पाठवणारा मुलगा 1 सेकंद लिहून, दुसऱ्या उत्तरातल्या उणे 5 कडे बघत स्वतःशीच हसत असेल. तिकडे लक्ष देऊ नका.